डिकी लागत नसेल तर यादी नको, घड्याळ बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे समजून घेण्यात काही चुकलं असेल तर इथेच कळेल. तुम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या आई. गाडी छोटी हॅचबॅक. डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी निघायचं, पानशेतच्या पुढे मित्राच्या मामांच्या शेतात एक रात्र तंबूत काढायची, रविवारी संध्याकाळी घरी. तंबू भाड्याने आणणार. यादी ८३ वस्तूंची झाली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये रंगीत तालीम केलीत तर डिकी लागेना. आता विचारताय की यादीत काही राहिलंय का, टपावर कॅरियर बसवावा का, आणि आईंची घडीची खुर्ची कुठे कोंबावी.

राहिलेलं काही नाही. यादी दोनदा वाचली, लिंबू पिळायचं यंत्रसुद्धा आहे तिच्यात. तुमची अडचण वेगळी आहे. यादी तुम्ही वस्तूंच्या जातीप्रमाणे केलीत: स्वयंपाकाचं, झोपायचं, कपडे, औषधं, खेळणी. सामान मात्र लागतं वेळेप्रमाणे. पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय लागेल, दिवेलागणीला काय, रात्री दोनला आई उठल्या तर काय, सकाळी चहा होईपर्यंत काय. एकदा घड्याळ लावून यादी वाचलीत की निम्म्या वस्तूंना वेळच नाही हे दिसतं. लिंबाच्या यंत्राची वेळ कोणती? मला तरी सापडली नाही.

हे डोकं माझं नाही, माझ्या सासऱ्यांचं. पुण्याच्या शनिवार पेठेत त्यांचा मंडपाचा धंदा होता. पानशेत म्हटलं की त्यांना १२ जुलै १९६१, तिथलं धरण फुटलं तो दिवस, आठवायचा. पुरात गोदामातले बांबू गेले, जाजमं चिखलात गेली, त्यानंतर पुन्हा धंदा उभा केला. तर टेम्पो भरताना ते फाळक्याशी उभे राहायचे आणि हमालांना उलटं विचारायचे: "उतरल्यावर पहिलं काय मागशील?" पहिलं मागायचं ते शेवटी चढायचं. खुर्च्या आत, मग जाजमं, मग कनाती, आणि अगदी फाळक्याला लागून मेखांचं पोतं, घण आणि सुंभाची वेटोळी. कारण कार्यालयाच्या मैदानावर पोचल्यावर मेखा ठोकल्याशिवाय बाकी कशाला हातच लावता येत नाही.

घरात एवढा गुरू असून आम्ही पहिल्या खेपेला माती खाल्लीच. सतरा वर्षांपूर्वी मुळशीच्या बाजूला गेलो होतो. चांदणी चौकात तास गेला, पिरंगुटला भाजी घ्यायला थांबलो, पोचेपर्यंत सात वाजले. तंबू डिकीच्या तळाशी, त्याच्यावर शिधा, त्याच्यावर चार उशा. दवाने ओल्या झालेल्या गवतावर सगळा संसार मांडला, तोही गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात. नवऱ्याने जॅकच्या दांड्याने मेखा ठोकल्या, त्या मुरमात वाकल्या. मीठ सापडलं नाही म्हणून खिचडी आळणी खाल्ली. सकाळी बॅटरी उतरलेली, गाडीला धक्का मारायला गुराख्याची दोन पोरं बोलवावी लागली. मीठ तीन महिन्यांनी सापडलं, स्टेपनीच्या खड्ड्यात, पंक्चर झालं तेव्हा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी. सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या आईंचे गुडघे. त्यांना जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठता येतं का? येत असेल तर चौघं तंबूत झोपा. नसेल तर तंबूचा हट्ट धरू नका. रात्रीतून दोनदा उठावं लागलं तर तंबूच्या चेनमधून गुडघ्यांवर रांगत बाहेर पडणं त्यांना जड जाईल, आणि तुमच्याजवळ त्या ते बोलणार नाहीत. मामांना फोन करा. शेतघर असेल तर ओसरीत एक बाज मिळेल का, हा पहिला प्रश्न. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आहे का, संडास आहे का, शेकोटी केलेली चालेल का आणि कुठे, हे पुढचे तीन. या एका फोनने तुमच्या यादीतल्या पंधरा-वीस वस्तू तरी गळतील. मी जे खाली सांगते ते पाणी आहे पण प्यायचं नाही, आणि आई तंबूतच झोपणार, असं धरून.

दुसरं, ऋतू. हेच तुम्ही मे महिन्यात विचारलं असतंत तर पांघरुणं काढून पाणी दुप्पट करायला आणि वळवाचा भरवसा धरू नका असं सांगितलं असतं. पावसाळ्यात विचारलं असतंत तर लहान मूल आणि म्हातारं माणूस घेऊन तंबूत जाऊच नका, एवढंच एका ओळीत लिहून मोकळी झाले असते. डिसेंबर उत्तम. फक्त थंडी आणि लवकर पडणारा अंधार, या दोघांची तयारी हवी.

अंधाराचा हिशोब असा. डिसेंबरच्या मध्याला पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पानशेतच्या खोऱ्यात तो डोंगराआड त्याच्या आधीच जातो. म्हणजे तंबू पाचपर्यंत उभा राहायला हवा, म्हणजे चारला पोचायला हवं. सिंहगड रोड आणि शनिवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर भजी-कणसांसाठी लागलेल्या गाड्या, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. जेवून दोनला निघू असं तुम्ही लिहिलंय. मी म्हणेन अकराला निघा, जेवण डब्यात घ्या. उजेडात पोचलात तर सामान कितीही वेडंवाकडं भरलेलं असलं तरी निभावतं.

आता पहिली दहा मिनिटं. यासाठी एक वेगळी पिशवी करा, कापडी, लांब बंदांची. तिच्यात ताडपत्री, मेखा, हातोडी, दहा मीटर नायलॉनची दोरी, आणि चौघांचे चार हेडलॅम्प. माणशी एक, मुलालाही. तुमच्या यादीत एक मोठा रिचार्जेबल कंदील आहे, तो घरी ठेवा. तंबूत सगळ्यांसाठी उजेड हवा असेल तर हेडलॅम्प पाण्याच्या भरलेल्या पांढऱ्या कॅनला टेकवून आत रोखून लावा, अख्खा कॅन उजळतो. मोठ्या कंदिलाचं काय होतं, एक जण तो घेऊन झाडीत गेला की बाकीचे तीन अंधारात.

मेखांबद्दल थोडं लांबण लावते, सासरचा विषय आहे. भाड्याच्या तंबूबरोबर काडीएवढ्या जाडीच्या तारेच्या मेखा येतात. पावसाळ्यानंतरच्या मऊ मातीत त्या चालतात, डिसेंबरातला मुरूम त्यांना वाकवून परत देतो. बोहरी आळीत लोखंडी सळईच्या, आठ-नऊ इंची, डोकं वळवलेल्या मेखा मिळतात. आठ घ्या. मेख सरळ ठोकायची नाही, तिचं डोकं तंबूपासून लांब झुकवून तिरकी ठोकायची, म्हणजे दोरी ओढली जाते तेव्हा ती वर न येता जमिनीत रुतते. खाली खडकच लागला तर ठोकाठोक सोडा. नारळाएवढा दगड घ्या, दोरीचा फास त्याच्या कमरेला, आणि त्या दोरीवर पुढच्या बाजूने दुसरा मोठा दगड ठेवा. वाऱ्यात मेख निघते, हे निघत नाही. आणि भाड्याचा तंबू घेतल्यादिवशी गच्चीवर एकदा उभा करा. काड्या पूर्ण आहेत का, चेन सरकते का, हे पानशेतला कळून उपयोग नाही. एका भाड्याच्या तंबूत मला एकदा दुसऱ्याच तंबूच्या काड्या मिळाल्या होत्या, वीतभर आखूड. रात्रभर छत नाकाला लागत होतं.

तंबू कुठे लावायचा तेही सामानाइतकंच महत्त्वाचं. सगळ्यांना अगदी पाण्याकाठी हवा असतो. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि काठाशी साचते; तिथे गारठा आणि दव दोन्ही जास्त. थोडं वर, उताराच्या खांद्यावर सपाट जागा मिळाली तर तिथे लावा. तोंड पूर्वेला ठेवलंत तर सकाळी सातनंतरचं ऊन आत येतं, आईंना बरं वाटेल.

झोप बिघडली की दुसरा दिवस गेलाच. तुम्ही चौघांना चार ब्लँकेटं, दोन रजया लिहिल्यात आणि अंगाखाली एक चादर. उलटं करा. डिसेंबरात शहरातच रात्रीचं तापमान अकरा-बारा अंशांपर्यंत उतरतं, धरणाकाठी आणखी कमी धरा. माणसाची ऊब वरून जाते त्याहून जास्त खालून जाते, कारण जमीन ती ओढत राहते. आणि रजई अंगाखाली घेतली की ती दबते, तिच्यातली हवा निघून जाते. ऊब त्या हवेतच असते. म्हणून खाली न दबणारं काहीतरी हवं. घरातल्या योगासनांच्या चटया चालतात, पॅकिंगचा पांढरा फोम मिळतो तोही चालतो. तंबूखाली ताडपत्री, तिच्या कडा तंबूबाहेर येऊ देऊ नका, आत मुडपा, नाहीतर दवाचं पाणी तिच्यावरून वाहत तंबूखाली येतं. तंबूच्या आत सतरंजी, तिच्यावर फोम, त्याच्यावर गोधडी, मग तुम्ही. आईंच्या अंगाखाली फोमचे दोन थर. हवा भरायची गादी मात्र नको. आतली हवा थंड होते, शिवाय पहाटे चारला ती बसलेली असते.

हे सगळं बसतं कसं? उशा काढून टाका. तुमच्या डिकीचा तिसरा हिस्सा चार उशांनी खाल्लाय. त्याऐवजी चार अभ्रे घ्या, प्रत्येकाचे कपडे ज्याच्या त्याच्या अभ्र्यात. दिवसा ती कपड्यांची पिशवी, रात्री उशी. अंगावरचा स्वेटर काढायचा नाही, कोरडे मोजे मात्र झोपताना नवे घालायचे, दिवसभराचे नाहीत. दिवसभराच्या मोज्यांत घाम असतो, तोच पहाटे गार पडतो. कानटोपी घ्या, फोटोत कशी दिसते त्याचा विचार नको.

सकाळी तंबूचं छत आतून ओलं दिसेल आणि तुम्ही तंबूवाल्याला शिव्या द्याल. तंबू गळलेला नसतो. चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते. वरची जाळीची खिडकी थंडी वाजली तरी पूर्ण बंद करू नका.

आणि जिथे थंडीचा विषय निघतो तिथे हे सांगायलाच हवं: तंबूत निखाऱ्यांची शेगडी नाही, गॅस नाही, आणि आईंना गाडीत झोपवून काचा बंद करून इंजिन-हीटर चालू ठेवणं तर अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो, आणि माणूस झोपेतच जातो. गाडीत झोपायचंच असेल तर इंजिन बंद, दोन काचा दोन-दोन बोटं खाली.

स्वयंपाकावर तुम्ही यादीतल्या २९ वस्तू खर्च केल्यात. मी नऊवर भागवते. शनिवार रात्रीचं जेवण घरूनच. दशम्या दुधात भिजवून केलेल्या असल्या की थंडीत दोन दिवस मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ. तिथे फक्त पिठलं टाकायचं, पंधरा मिनिटांचं काम. पिठल्याचं बेसन, हळद, तिखट, मीठ, जिरं असं सगळं मोजून एकाच पिशवीत घरीच एकत्र करून न्या. मिसळणाचा डबा घरी राहू दे. सकाळच्या उपम्याचंही तसंच: रवा भाजून, फोडणी करून, गार झाल्यावर डब्यात भरा, तिथे उकळतं पाणी घातलं की झालं. पोहे नेले तर ते भिजवायला पाणी, चाळायला चाळणी, कांदा चिरायला विळी, आणि मग धुणं. पोहे मलाही आवडतात, पण पोहे रविवारी परत येताना वाटेवर खा. चहाचं सामान मात्र वेगळ्या छोट्या डब्यात, पहिल्या पिशवीशेजारी. पोचल्यावर तंबू लागेपर्यंत आई चहा टाकतील. त्यांनाही हाताला काम हवं असतं, नाहीतर त्या मुलाला ओरडत बसतात.

भांडी: दोन पातेली एकात एक बसणारी, त्यांच्यात चार वाट्या-चमचे, झाकण ताटलीसारखं, सांडशी, एक सुरी, गाळणी. सांडशी विसरते. दरवेळी कोणाची ना कोणाची विसरते, आणि मग रुमालाने पातेलं उचलून पिठलं सांडतं.

घरचा सिलिंडर गाडीत टाकायचा विचार सोडा. गॅस १४.२ किलो आणि लोखंड साधारण तेवढंच, म्हणजे तीस किलोच्या आसपासचा धोंडा बंद गाडीत, मुलाच्या शेजारी. छोट्या ब्युटेनच्या कॅनवरची शेगडी भाड्याने मिळते. एक कॅन मोठ्या आचेवर साधारण दीड-दोन तास चालतो, तुम्हाला दोन पुरतील. पण ब्युटेनची एक खोड आहे. तो शून्य अंशाच्या जवळपास उकळतो, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात, त्यातून शेगडी चालू असताना कॅन आणखी थंड होतो तेव्हा, आच मिणमिणती होते. कॅन घोंगडीत गुंडाळून ठेवा, किंवा सकाळी जरा वेळ कोमट पाण्याच्या भांड्यात उभा करा. विस्तवाजवळ नेऊ नका आणि दुपारी उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. कॅनवरच लिहिलेलं असतं, ५० अंशांच्या वर नाही.

शेकोटीसाठी माझं लाडकं भांडं म्हणजे घमेलं. लोखंडी, जुनं. मामांनी परवानगी दिली तरच शेकोटी. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. जमिनीवर लाकडं पेटवण्याऐवजी तीन दगडांवर घमेलं ठेवून त्यात पेटवा. गवत जळत नाही, राख एका जागी राहते, झोपताना पाणी ओतून विझवता येते. जाताना त्याच घमेल्यात पातेली ठेवा, जागा फुकट जात नाही. लाकूड मामांकडून विकत घ्या, रानातून तोडू नका. कोळशाची गोणी आणि बार्बेक्यूची जाळी, दोन्ही यादीतून खोडा. एका रात्रीत एक शेकोटी पुरे.

पाणी. प्यायला, चहाला, स्वयंपाकाला मिळून माणशी रोज चार लिटर धरा. अकरा ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतचे दीड दिवस, म्हणजे चौघांना २४ लिटर. वीस लिटरचा जार नेऊ नका. तो एकट्याला उचलून ओतता येत नाही आणि वाटेत घरंगळला तर घरंगळला. दहा-दहा लिटरचे दोन कॅन आणि चार बाटल्या. कॅन मागच्या सीटच्या पायाशी. हात-भांडी मामांच्या विहिरीच्या पाण्याने. भांडी धरणाच्या पाण्यात उतरून घासायची नाहीत, काठापासून लांब आणून धुवायची आणि ते पाणी मातीवर ओतायचं. नैतिक वगैरे काही नाही यात. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही चार धरणं पुण्याला पाणी देतात. साबण घातलात तर तोच नळाला येणार. मामांकडे संडास नसेल तर खुरपं घ्या, पाण्यापासून दोनशे फूट लांब, वीतभर खड्डा, नंतर माती.

आता गाडी. कॅरियर नको. छोट्या गाडीच्या टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, वाचलंत तर आकडा बघून दचकाल. वजन वर गेलं की वळणावर गाडी झुकते, आणि दोरी निम्म्या वाटेत सैल होते. तुमचं सामान कमी झालं की कॅरियरचा प्रश्नच उरत नाही. निघण्याआधी हवा भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर चार माणसं आणि सामान असतानाचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वापरा. शेवटचा शेतापर्यंतचा रस्ता कच्चा असेल. भरलेली गाडी खाली बसलेली असते, तिचं पोट दगडाला लागतं. आधी उतरून पायी जाऊन बघा, आणि गरज पडली तर आईंना सोडून बाकीच्यांनी उतरावं.

आमच्या मिठाने शिकवलेली गोष्ट आता. बहुतेक हॅचबॅकमध्ये स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते. पंक्चर झालं की अख्खी डिकी रस्त्याच्या कडेला रिकामी करावी लागते. ८३ सुट्या वस्तू असतील तर अर्धा तास. म्हणून डिकीत सुटं काही नको. भाजीवाल्यांचे प्लास्टिकचे दोन क्रेट घ्या, बाकी सगळं मऊ पिशव्यांत. मी घरी घड्याळ लावून बघते: डिकी दोन मिनिटांत रिकामी झाली पाहिजे. आणि डिकीच्या वरच्या फळीवर काही ठेवायचं नाही. जोरात ब्रेक लागला की तिथला स्टीलचा डबा थेट मुलाच्या डोक्याशी येतो. सामान मागच्या सीटच्या पाठीच्या वर जाता कामा नये.

औषधं डिकीत नाहीत. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या, त्यांच्याच पर्समध्ये. क्रोसिन, ओआरएस, बँडेज, डास पळवायचं मलम पुढच्या कप्प्यात. सापांची तुम्ही भीती लिहिलीय. थंडीत ते कमी हिंडतात, पण आपल्याकडे नाग, घोणस, फुरसं, मण्यार चारही आहेत, आणि मण्यार बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, बऱ्याचदा कळतही नाही. उपाय खर्चाचा नाही: तंबूची चेन सदैव बंद, बूट आत किंवा उलटे, सकाळी झटकून घालायचे, रात्री हेडलॅम्पशिवाय पाऊल नाही. काही झालंच तर कापणं, आवळून बांधणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. हात-पाय हलवू न देता सरळ रुग्णालय. १०८ ला फोन लागेल अशी जागा शेतावर कुठे आहे हे उजेडातच बघून ठेवा. पानशेतच्या पलीकडे रेंज जाते-येते. जवळचं प्रतिविष असलेलं रुग्णालय कोणतं, हे मामांना त्याच फोनवर विचारा.

तर डिकी भरायचा क्रम, शेवटापासून. सगळ्यात आत, सीटच्या पाठीला लागून, शिध्याचा क्रेट आणि घमेल्यातली भांडी. जड सामान खाली आणि पुढे. त्यांच्यापुढे कपडे भरलेले अभ्रे, फटींमध्ये कोंबून. त्यावर गोधड्या, फोम. मग तंबू. आणि दाराला टेकून ताडपत्री-मेखांची पिशवी आणि चहाचा डबा. तुमच्या यादीतलं ब्लूटूथ स्पीकर, बॅडमिंटन, पाच पुस्तकं, दुसरा टॉवेल, टेबल, लोणच्याच्या तीन बाटल्या हे सगळं त्यात बसत नाही, आणि बसवायचंही नाही. मुलाला बॅटरी आणि दोरीचा एक तुकडा द्या, संध्याकाळभर पुरतो.

आणि आईंची खुर्ची. तुम्ही ती यादीत सर्वांत शेवटी, ८३ क्रमांकावर, प्रश्नचिन्ह घालून लिहिलीत. टेबल, कंदील, उशा गेल्यावर तिला जागा होते: घडी करून उभी, मेखांच्या पिशवीच्याही अलीकडे, डिकीच्या दाराला चिकटून. डिकी उघडली की पहिली तीच बाहेर येईल. ती सावलीत मांडा, आईंना तिथे बसवा, चहाचा डबा त्यांच्या हातात द्या, आणि मग ताडपत्री पसरायला लागा.